चौथा पासपोर्ट

चहाचे तीन कप टेबलावर ठेवून खैरुन्निसा उभी राहिली.

विमानतळावरून आणलेल्या बॅगा दाराशी अजून तशाच ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या चाकांना परक्या शहराचा चिखल वाळून चिकटला होता. सत्ताविसाव्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं माणसांनी बांधलेलं तळं जानेवारीच्या उन्हात निश्चल पडलं होतं. जुलेखाच्या नवऱ्याने, रफिकने, मोबाइलमध्ये मान घातली होती. त्यांची तेरा वर्षांची मुलगी कशफ बर्फाचे फोटो एकामागून एक पुढे सरकवत होती. जुलेखा मात्र खैरुन्निसाच्या, आपल्या बहिणीच्या, चेहऱ्याकडे पाहत होती, खिडकीपलीकडचा अधिकारी आपला अर्ज वाचत असताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावं तशी.

पंधरा दिवस युरोप फिरून आलेल्या माणसांना विचारण्यासारखं पुष्कळ असतं. या घरात विचारण्यासारखं एकच होतं. इद्रीस, खैरुन्निसाचा एकुलता एक मुलगा, लिस्बनच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात राबत होता. रहिवासाचं कार्ड हाती पडेपर्यंत त्याला तो देश सोडता येत नव्हता. सोडला, तर पाच वर्षांची रांग पुन्हा शेवटून. आईने त्याला सात वर्षांत पाहिलं नव्हतं. ही तिघं त्याला भेटून आली होती, आणि आई काहीच विचारत नव्हती.

"साखर कमी वाटली तर सांगा," एवढंच म्हणून ती आत गेली.

तिला कळलंय की नाही, हे त्या पाठमोऱ्या चालीवरून सांगता येत नव्हतं. जुलेखाने कप उचलला. चहा नेहमीसारखाच झाला होता, आलं नेमकं, साखर नेमकी. एक घोट घेऊन तिने कप खाली ठेवला.

खैरुन्निसा तिची सख्खी बहीण, अकरा वर्षांनी मोठी. दाभोळच्या खाडीकाठी आई गेल्यावर जुलेखाला तिनेच वाढवलं. जुलेखाच्या निकाहात आईच्या जागी बसली तीही तीच. पुढे खैरुन्निसाचा नवरा वारला, इद्रीस परदेशाच्या वाटा शोधू लागला, आणि जुलेखाने तिला दुबईला बोलावून घेतलं. तेव्हा सगळ्या बिरादरीने जुलेखाचं कौतुक केलं. बोलावण्याचा मार्ग मात्र एकच निघाला: घरकामगाराचा व्हिसा. त्याला नात्यातली माणसं चालत नाहीत. मालक आणि कामवाली यांच्यात रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नाही, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. रफिकने लिहून दिलं. "कागद तो कागद," तो हसत म्हणाला होता, "आपली आपा ती आपली आपाच." खैरुन्निसाने जिथे दाखवलं तिथे अंगठ्यासारखीच वेडीवाकडी सही केली.

कागदाचा स्वभाव जुलेखाला तेव्हा ठाऊक नव्हता. तो पहिल्यांदा नुसता पडून राहतो, कोरड्या पानासारखा. मग हळूहळू घर त्याच्या आकाराचं होऊ लागतं. पहिल्या वर्षी खैरुन्निसा सगळ्यांबरोबर जेवायला बसायची. तिसऱ्या वर्षी ती म्हणायला लागली, तुम्ही बसा, मी गरम गरम घावणे आणते. पाचव्या वर्षी तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्वयंपाकघरामागची बिनखिडकीची खोली, जी बिल्डरने नकाशात मोलकरणीची म्हणूनच आखली होती, ती तिला आपसूक आली. तिचा पासपोर्ट जुलेखाच्या निळ्या पाऊचमध्ये राहू लागला, कारण सगळ्यांचेच तिथे असत.

या हिवाळ्याच्या सुट्टीत युरोपला जायचं ठरलं, तेव्हा खैरुन्निसालाही बरोबर न्यायचं आणि शेवटचे सहा दिवस लिस्बनमध्ये घालवायचे ही कल्पना जुलेखाचीच. ते तिने एका रात्री जेवताना सांगितलं होतं आणि खैरुन्निसाला एकाच ताटात दोनदा भात वाढताना पाहून तिला स्वतःचा अभिमान वाटला होता. ते औदार्य खोटं नव्हतं. आठवडाभर घरात एक निराळाच उजेड होता. खैरुन्निसा तीनशे दिरहमचा लाल लोकरी कोट घेऊन आली, "म्हणजे सात हजार, जुलू, मी वेडी झाले," असं स्वतःलाच सांगत आली, आणि कशफकडून त्यातला फोटो काढून घेऊन तिने इद्रीसला पाठवला.

अर्ज ऑनलाइन भरायचे होते. ते काम कशफकडे, कारण इंग्रजीत तिचा हात सर्वांत सफाईचा. प्रत्येक प्रवाशाचं बाकीच्यांशी नातं काय, या रकान्यात तिने खालापुढे जे खरं होतं तेच, मावशी, लिहून टाकलं. या देशात जन्मलेल्या मुलीला शपथपत्राची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती; कोण सांगणार?

व्हिसा केंद्रातली मुलगी केरळची असावी. तिने खैरुन्निसाचं रहिवासी कार्ड पाहिलं, अर्ज पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं. मग हिंदीत, आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, ये आपकी कौन लगती हैं?"

जुलेखाच्या डाव्या हाताला, अर्ध्या वितीवर, तिची बहीण उभी होती. रफिकच्या पायाचं बोट बुटाच्या आत ताठ झालेलं जुलेखाला न पाहताही जाणवलं. एका शब्दावर त्याचा लौकिक, जबल अली बंदरातलं त्याचं गोदाम, सगळं तोललेलं होतं.

"कोई नहीं," ती म्हणाली. "घर में काम करती हैं."

"बेबी ने तो आंटी लिखा है."

"बच्चे हैं. सबको आंटी बोलते हैं."

मुलीने रकाना दुरुस्त केला. मग खैरुन्निसाकडे वळून विचारलं, युरोपात तुमचं कुणी आहे का? आणि खैरुन्निसा, जिच्या पोटातून इद्रीस आला होता, जराही न अडखळता म्हणाली, "कोई नहीं जी."

 जुलेखाने खैरुन्निसाचं ते उत्तर जपून ठेवलं. पुढे जेव्हा जेव्हा मन टोचू लागलं, तेव्हा तिने ते काढून पाहिलं: नाकारलं तर तिनेही. मी बहिणीला नाकारलं, तिने तर मुलाला. हिशेब फिटला. दोन नकारांमध्ये किती अंतर असतं, एक कशासाठी आणि दुसरा कशासाठी, हे ती पाहू शकली असती. पण त्या दिशेला ती फिरकली नाही.

पासपोर्ट डिसेंबरच्या दहा तारखेला कुरियरने आले. घरात जुलेखा एकटीच होती. खैरुन्निसा खाली भाजी आणायला गेली होती. जुलेखाने चारही उघडले. चारांतही व्हिसा होता. चौथ्यावर खैरुन्निसाचा फोटो, ओठ घट्ट मिटलेले, डोळे कॅमेऱ्याच्याही पलीकडे लागलेले. ती ज्या कुणाकडे पाहत होती, ती जुलेखा नव्हती.

तिथेच ते घडलं, टेबलाशी, सकाळी साडेअकरा वाजता. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणी भांडलेलं नव्हतं. जुलेखाच्या मनात फक्त एक चित्र आलं: लिस्बनच्या विमानतळावर तिघं परत निघालेत आणि चौथी नाही. मग त्या चित्रामागून दुसरं आलं, हे घर: न घातलेल्या गाद्या, सिंकमधली भांडी, शाळेतून आल्यावर बेल वाजवत उभी असलेली कशफ, आणि दार उघडायला कुणी नाही. आठ वर्षांत तिने स्वतःच्या हाताने भाताचं आधणही ठेवलं नव्हतं. दुसरं चित्र पहिल्यापेक्षा अधिक स्पष्ट होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

खैरुन्निसा पिशव्या घेऊन आली तेव्हा जुलेखा म्हणाली, "आपा, तुझा नाही आला."

तिने ते इतक्या दुःखाने म्हटलं की तिचं तिलाच खरं वाटलं.

खैरुन्निसा रडली नाही. कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवून ती निवडत बसली, एकेक काडी, कितीतरी वेळ. मग म्हणाली, "घरकामाच्या बाईला देत नसतील." संध्याकाळी इद्रीसचा फोन आला, नकार दिला की कारणाचा कागद देतात, त्याचा फोटो पाठव, इथे एक वकील आहे, असं तो म्हणत होता. जुलेखाने कळवलं की कागद रफिकच्या ऑफिसात आहे. रफिकला तिने खरं सांगितलं.  त्यालाही गाद्या आणि भांडी दिसली असावीत, कारण तो म्हणाला, "तुझी बहीण आहे. तू बघ."

कोट दुकानात परत घेईनात. खैरुन्निसानेच तो इस्त्री करून आणला. "तुझा जुना झालाय जुलू, हा ने. कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे." जुलेखाने तो नेला.

आणि पासपोर्टही नेला. घरात ठेवण्यासारखी जागाच नव्हती. या घरातलं एकही कपाट, एकही कप्पा खैरुन्निसाच्या हाताला अनोळखी नव्हता. म्हणून तो चौथा पासपोर्ट निळ्या पाऊचमध्येच राहिला, आणि आपल्या मालकिणीवाचून युरोपभर फिरला. व्हिएन्नाच्या नाताळबाजारात तो जुलेखाच्या छातीशी होता, गरम चेस्टनटच्या वाफेत. प्रागच्या पुलावर बर्फ भुरभुरत होता तेव्हा तो होता. कशफ फोटो पाठवत होती, "खाला, लुक, स्नो," आणि दुबईहून तिच्यासाठी एकच उत्तर येत होतं, गळ्याला रुमाल बांध.

लिस्बनला ते पोचले त्या दुपारी इद्रीस हॉटेलच्या स्वागतकक्षात आधीच येऊन बसला होता. कामावरून तसाच आला होता, काळी विजार, मनगटांवर तेलाचे चटके, मांडीवर मिठाईचा कागदी खोका. तो उठला, सलाम केला, आणि बोलायच्या आधी त्याची नजर कोटावर गेली.

"हा अम्मीचा ना? फोटोत होता."

तिनेच दिला, असं जुलेखा म्हणाली, आणि ते खरं होतं. खैरुन्निसाने बांधून दिलेलं पार्सल, कोलंबीचं लोणचं आणि नारळाच्या वड्या, काढायला ती बॅगेशी वाकली. तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट मागितले, आणि कशफने, नेहमीच्या तत्परतेने, आईच्या गळ्यातलं पाऊच उघडून त्यातले सगळेच त्याच्यापुढे ठेवले.

त्याने मोजले. पाहुणे तीन, पासपोर्ट चार; चौथी व्यक्ती कुठे आहे, असं त्याने विचारलं.

"मम्मा," कशफ म्हणाली, "वन इज एक्स्ट्रा."

इद्रीसने तो उचलला. त्यात घाई नव्हती. जमिनीवर पडलेली एखाद्याची वस्तू उचलावी तसा. व्हिसाचं पान सापडलं. त्याने तारखा वाचल्या, ओठ हलवून, कारण पाच वर्षं तो कागदांच्याच भाषेत जगत होता आणि त्याला काय वाचायचं ते ठाऊक होतं. रफिक पुढे झाला, काहीतरी कुरियरबद्दल, उशिराबद्दल, ऑफिसच्या चुकीबद्दल बोलू लागला. वाक्य अर्ध्यावर आलं आणि तिथेच विरलं.

"सतरा जानेवारीपर्यंत आहे," इद्रीस म्हणाला. मग पासपोर्ट मिटून त्याने तो बाकीच्या तिन्हींवर नीट जुळवून ठेवला. "खाला, तुझी मेहेरबानी. अम्मी नाही, तर निदान तिचा फोटो तरी युरोप फिरवून आणलास."

त्याने पार्सल घेतलं, खोका कशफच्या हातात दिला आणि तिला हसून म्हणाला की यातली मिठाई गरम असतानाच खा. पुढचे पाच दिवस तो आला नाही. फोनही केला नाही. जुलेखाने त्या पाच दिवसांत समुद्र पाहिला, निळ्या फरशांची घरं पाहिली, नववर्षाची आतषबाजी पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी ती एकच विचार करत राहिली: त्याने सांगितलं असेल का?

आता, घरी, चहाचा कप तसाच ठेवून ती उठली. खैरुन्निसाने त्यांच्या येण्याआधीच सगळं तयार ठेवलं होतं. पलंगांवर धुतलेल्या चादरी, फ्रिजमध्ये कशफच्या आवडीचं सुरमईचं कालवण, न्हाणीघरात नवा साबण. काही कळलेलं माणूस हे सगळं करेल का? जुलेखाने स्वतःची समजूत घातली. नाही सांगितलं त्याने. पोरगा शहाणा आहे.

तरीही तिने रफिकला बेडरूममध्ये नेऊन पाऊच त्याच्या हाती दिलं. चौथा घरात नको, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जबल अलीला निघताना पासपोर्ट घेऊन गेला, ऑफिसच्या तिजोरीत ठेवायला. "खलास," तो चपला अडकवत म्हणाला, "आता हा विषय नको."

रफिक गेल्यावर घरात धुण्याच्या यंत्राची घरघर तेवढी उरली. कशफ अजून झोपली होती. खैरुन्निसा बाल्कनीत लोकरीचे कपडे झटकून वाळत घालत होती. जुलेखा दाराशी येऊन उभी राहिली, काही बोलण्यासाठी, किंवा बोलायचं टळलं याची खात्री करण्यासाठी.

"इद्रीसने तिकीट काढलंय," पाठ न वळवता खैरुन्निसा म्हणाली. "सहा तारखेचं. जाऊन-येऊन. चौदाला मी परत. फोनवर आलंय, कशफकडून वाचून घे हवं तर."

जुलेखाच्या हाताला दाराची चौकट लागली.

"पाच दिवसांपूर्वी सांगितलं त्याने," खैरुन्निसा तशाच एकसुरी आवाजात बोलत होती. "मी म्हटलं, असेल काही अडचण. जुलू घरी आली की देईल. पासपोर्ट दे मला."

"रफिकने नेलाय. ऑफिसच्या तिजोरीत आहे."

"संध्याकाळी आणायला सांग."

"अठरा तारखेला आणेल."

खैरुन्निसाचे हात थांबले. कशफचा एक मोजा तिच्या हातात होता. तिने तो चिमट्याखाली लावला, दुसरा उचलला. आकडे ओळखायला इंग्रजी लागत नाही.

"म्हणजे मुदत संपल्यावर," ती म्हणाली.

मग जुलेखा बोलू लागली. शब्दांचा धीर सुटला की ते असेच येतात, एकमेकांच्या पाठीवर पाय देत. अर्जात लिहिलंय मालकांबरोबर जाणार. एकटी गेलीस तर विमानतळावरूनच परत पाठवतील. आणि चौकशी झाली, तर ते शपथपत्र बाहेर येईल, रफिकला आत टाकतील, कशफची शाळा, हे घर, सगळं जाईल. इद्रीसचं काय, कार्ड मिळालं की येईलच तो. आज नाही तर दोन वर्षांनी. आपण त्याचा निकाह करून देऊ, हॉलचा खर्च माझा. तुला इथे काय कमी आहे, सांग, आपा. ती बोलत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण पगार वाढवून द्यायची भाषा करत आहोत.

"मी तिथेच राहीन असं वाटलं तुला?" खैरुन्निसाने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर जुलेखाने पंचवीस दिवस तयार ठेवलं होतं, मऊ, काळजीचं, रफिकच्या अब्रूचं. पण ओठांवर आलं ते निराळंच.

"मी असते तर राहिले असते."

खाली कुठेतरी तळ्यावरच्या पाइपातून पाणी सुटलं, त्याचा आवाज वर आला. खैरुन्निसाने बहिणीकडे पहिल्यांदा वळून पाहिलं. त्या नजरेत राग असता तर जुलेखाने तो ओळखला असता, त्याच्याशी भांडता आलं असतं. ती नजर फक्त तिला पाहत होती, पुरती, आणि तेही घाईत नाही. एखादा कपडा आता पुन्हा वापरता येणार नाही, फडक्याला घ्यावा, हे ठरवताना बाई त्याला उजेडात धरते तशी.

"मी परत आले असते," ती म्हणाली. "कशफची परीक्षा आहे ना फेब्रुवारीत."

 खैरुन्निसाने रिकामी बादली उचलून कोपऱ्यात ठेवली, हात पदराला पुसले. मग तिचा आवाज एकदम बदलला, इतका हलका झाला की जुलेखाला क्षणभर वाटलं, संपलं, माफ केलं हिने.

"एक सांग मला," ती म्हणाली. "फोनवर त्याचा चेहरा दिसतो, तसं कळत नाही. वाळलाय की काय, हाताला लागतं ते. भेटलीस तेव्हा त्याला जवळ घेतलंस का ग?"

जुलेखाने आठवून पाहिलं. तिच्या आणि त्याच्या मध्ये एक उघडी बॅग होती. ती वाकलेली होती. मग पासपोर्ट होता. आणि नंतर तो दाराकडे जात असताना तिचे दोन्ही हात पाऊचची चेन ओढून बंद करत होते.

खैरुन्निसा थांबली होती, डोकं किंचित पुढे, मुलाची काही खबर कानी पडेल तिथवर झुकलेली.

जुलेखा वळली. दिवाणखाना ओलांडून, टेबलावरचा आपला मोबाइल उचलून, रफिकचा नंबर लावत ती आपल्या खोलीत गेली.